उतारवयातील झोप आणि संप्रेरके: गोळीच्या आधी या चुका टाळा

विदर्भातल्या खेड्यांत साठी ओलांडलेल्या माणसाची झोपेची तक्रार बहुधा एकाच वाक्यात येते: "तीन वाजताच डोळा उघडते, मंग लागतच नाही." त्यावर घरातून "वय झालं आता" असे उत्तर मिळते, नाहीतर तालुक्याच्या मेडिकलमधून गोळी आणली जाते. या दोन्ही उत्तरांत एक गोष्ट सुटते. झोप आणि संप्रेरके, म्हणजेच हार्मोन, परस्परांवर अवलंबून असतात आणि ही दोन्ही दिवसभरातील उजेड, जेवण व अंथरुणाला पाठ लावण्याच्या वेळेनुसार चालतात. वय वाढते तसा शरीराचा आतला इशारा क्षीण होतो, त्यामुळे तरुणपणी खपून गेलेला वेळेचा गोंधळ उतारवयात सहन होत नाही.

अंधार पडला की मेंदूतील एक लहानशी ग्रंथी मेलाटोनिन, म्हणजे रात्र झाल्याचे शरीराला कळवणारे संप्रेरक, सोडू लागते. शरीराला जागे व सज्ज ठेवणारे कॉर्टिसॉल मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते, पहाटे चढू लागते आणि जाग आल्यानंतर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते. शरीराची झीज भरून काढणाऱ्या वाढीच्या संप्रेरकाचा मोठा भाग पहिल्या गाढ झोपेत स्रवतो. शिकागो येथील इव्ह व्हॅन कॉटर आणि सहकाऱ्यांनी 2000 मध्ये 16 ते 83 वर्षे वयाच्या 149 निरोगी पुरुषांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. ऐन तारुण्यात झोपेचा जवळपास 19 टक्के भाग गाढ झोपेचा होता, मध्यमवयात तो साडेतीन टक्क्यांच्याही खाली आला होता आणि वाढीचे संप्रेरकही त्याच बरोबरीने घटले होते. झोपेची घसरण चाळिशीच्या आसपासच सुरू झालेली असते. साठीत ती फक्त जाणवू लागते.

आठला पाठ टेकणे आणि तीनला काळजी करणे

पुष्कळ घरांत दिवेलागणीनंतर लगेच जेवण होते आणि म्हातारे माणूस आठ वाजता बाजेवर आडवे होते. आठ ते तीन म्हणजे सात तास झाले. पासष्टीपुढच्या व्यक्तीला साधारण सात ते आठ तास झोप पुरते, त्यामुळे या माणसाची झोप बिघडलेली नसून पूर्ण झालेली असते. तिची वेळ तेवढी अलीकडे सरकली आहे, आणि वयाबरोबर शरीराचे घड्याळ थोडे लवकरच चालू लागते. अशा वेळी गोळी घेण्याचे काहीच कारण नाही. निजण्याची वेळ दर तीन-चार दिवसांनी पाव तासाने पुढे न्यावी आणि संध्याकाळचा वेळ आत न बसता अंगणात, चावडीवर, उजेडात व माणसांत घालवावा. भजनाला जाणारी माणसे हे नकळत करतच असतात.

उन्हाळ्यात ब्रह्मपुरी-चंद्रपूरकडे पारा 46 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा दुपारी झोपू नका असे सांगण्यात अर्थ नाही. मात्र जेवणानंतरची ती डुलकी अर्ध्या तासाची असावी आणि तीनच्या आत आटोपावी. कूलरपुढे तीन तास काढले, तर रात्रीची झोप तेवढी कमी होणारच.

रात्री उजेड, दिवसा अंधार

निजायच्या खोलीत दहापर्यंत टीव्ही आणि डोळ्यांसमोर मोबाइल असला की मेलाटोनिनचे स्रवणे लांबते, हे आता बहुतेकांना ठाऊक आहे. याची दुसरी बाजू मात्र दुर्लक्षित राहते. अनेक वृद्ध दिवसभर घराच्या आतल्या, अंधाऱ्या खोलीत असतात. वयानुसार डोळ्यांतील भिंग पिवळसर होते आणि मोतीबिंदू असला तर घड्याळाला जागे करणारा प्रकाश आत आणखी कमी पोहोचतो. सकाळी अर्धा तास ओसरीवर किंवा अंगणात बसणे हा येथे खरा उपचार आहे, आणि मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पुढे ढकलत असाल तर ती न ढकलण्याचे हेही एक कारण समजावे. रात्री लघवीला उठताना पडू नये म्हणून जमिनीलगत मंद पिवळा दिवा ठेवावा. डोक्यावरची ट्यूबलाइट लावू नये.

"म्हाताऱ्याले झोप कमीच लागते"

हा समज सर्वांत घातक आहे, कारण त्याच्या आधारावर घरातील वडीलधाऱ्या माणसाला रात्रीच्या कामाला पाठवले जाते. वयाबरोबर झोपेची गरज फारशी घटत नाही, सलग झोपण्याची क्षमता घटते. रब्बीत गहू-हरभऱ्याच्या ओलितासाठी कृषिपंपाची लाईन कित्येक ठिकाणी आठवड्याच्या चक्राने रात्रीची येते. रोही आणि रानडुकरे यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी जागलही करावी लागते. पोरगा दिवसा राबतो म्हणून रात्री बाबा वावरात जातात.

त्याचा शरीरावर होणारा परिणाम मोजलेला आहे. 1999 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात अकरा निरोगी तरुणांना सहा रात्री फक्त चार तास झोपू दिले, तेव्हा त्यांच्या शरीराची साखर हाताळण्याची क्षमता स्पष्टपणे घटली आणि संध्याकाळचे कॉर्टिसॉल वाढलेले आढळले. 2004 च्या दुसऱ्या प्रयोगात, दोनच रात्रींच्या तुटपुंज्या झोपेनंतर पोट भरल्याचे सांगणारे लेप्टिन 18 टक्क्यांनी घटले आणि भूक लावणारे घ्रेलिन 28 टक्क्यांनी वाढले. हे प्रयोग लहान होते आणि त्यातील माणसे विशीतली, धडधाकट होती. साठीच्या मधुमेही शेतकऱ्याला यापेक्षा कमी सोसावे लागेल असे मानण्यास कारण नाही. औषध तेच, जेवण तेच, तरी ओलिताच्या दिवसांत साखर का वाढली, याचे उत्तर अनेकदा येथे सापडते.

रोज आठ तास झोपा, हा शहरी उपदेश अशा घरात निरुपयोगी आहे, कारण विजेचे वेळापत्रक शेतकरी ठरवत नाही. आपल्या हाती असलेल्या गोष्टी मात्र कराव्यात. एकाच माणसाने सगळ्या रात्री न काढता घरात किंवा शेजाऱ्यांत पाळ्या लावाव्यात आणि रक्तदाब, मधुमेह असलेल्यांना त्यातून शक्य तेवढे वगळावे. वावरात जाण्यापूर्वी तास-दीड तास झोप घ्यावी. परतल्यावर चहा घेऊन ओट्यावर गप्पा मारत न बसता, खिडकीला जाड चादर लावलेल्या खोलीत थेट निजावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी रात्रीच्या कामाच्या आठवड्यात जेवण व औषध यांची वेळ कशी ठेवायची, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. अशा वेळी डोस अंदाजाने बदलल्यास साखर एकाएकी उतरण्याचा धोका असतो आणि रात्री वावरात एकट्या माणसाच्या बाबतीत तो जिवावर बेतू शकतो.

चहा, खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) आणि मोहाची दारू यांबद्दल थोडक्यात सांगतो. चहातील कॅफिन निम्मे उतरायला सुमारे पाच तास लागतात, म्हणून दुपारी चारनंतर तो टाळावा. खर्ऱ्यातील निकोटीन उत्तेजक आहे. निजताना तोंडात भरलेला खर्रा झोप दूर सारतो. दारूने डोळा लवकर लागतो, पण रात्रीच्या उत्तरार्धात झोप तुटते, लघवी वाढते आणि घोरणेही वाढते.

बायकांच्या रात्रीच्या घामाला उन्हाळा जबाबदार धरणे

पाळी जाण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन घटतात. मग रात्री अचानक अंगातून वाफा निघतात, घाम फुटतो, छातीत धडधडते आणि जाग येते. आपल्याकडे हे बहुधा पंचेचाळिशीनंतर सुरू होते, पण गर्भपिशवीसोबत अंडाशयेही काढलेली असल्यास पस्तिशी-चाळिशीतही एकदम सुरू होऊ शकते. चैत्र-वैशाखात हा त्रास उकाड्याच्या नावावर खपतो, आणि पुढे पौषातल्या थंडीतही गोधडी फेकावी लागते तेव्हा काहीतरी निराळे असल्याचे लक्षात येते. सुती कपडे, रात्री तिखट जेवण व चहा टाळणे यांनी काहींना आराम पडतो. त्रास जास्त असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे उपचार उपलब्ध आहेत. संप्रेरकांचे उपचार प्रत्येकीला चालत नाहीत, पण सरसकट घाबरण्यासारखेही नाहीत. पाळी गेल्यानंतर बायकांचेही घोरणे वाढते, ही गोष्ट संकोचाने सांगितली जात नाही. घोरताना मध्येच श्वास थांबत असेल, दिवसा बसल्या जागी डोळा लागत असेल आणि रक्तदाब गोळ्यांनीही आटोक्यात येत नसेल, तर स्त्री असो की पुरुष, श्वास अडण्याच्या आजाराची तपासणी करून घ्यावी. रात्री वारंवार लघवीला उठावे लागण्यामागेही कधी कधी हाच आजार असतो.

औषधांकडे न पाहणे

चिठ्ठीशिवाय आणलेल्या झोपेच्या गोळ्या वृद्धांना रात्री झोकांड्या देतात; पडून खुब्याचे हाड मोडले तर पुढची वर्षे अंथरुणात जातात. रोजची सवय लागली असल्यास ती गोळी एकदम बंद न करता डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावी. गुडघेदुखीवर बाजारातून आणलेल्या, नाव नसलेल्या पुड्यांत कधी कधी स्टेरॉइड मिसळलेले असते. स्टेरॉइड हे कॉर्टिसॉलसारखेच काम करते, त्यामुळे दुखणे थांबते, भूक लागते, चेहरा भरतो, आणि झोप उडते, साखर चढते, हाडे ठिसूळ होतात. महिनोन्महिने घेतलेली अशी पुडी अचानक बंद केली तर शरीराचे स्वतःचे कॉर्टिसॉल वेळेवर तयार होत नाही आणि माणूस कोसळू शकतो. थायरॉइडच्या गोळीचा डोस जास्त झाला तरी झोप उडते व छाती धडधडते. रक्तदाबासाठी दिलेली लघवी वाढवणारी गोळी संध्याकाळी घेतली जात असेल, तर ती सकाळी घेता येईल का, एवढा एक प्रश्न विचारल्यानेही काहींच्या रात्री सुधारतात.

म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात जाताना दोन आठवडे निजण्याच्या, उठण्याच्या आणि चहाच्या वेळा वहीत लिहून न्याव्यात, आणि घरातील सगळी औषधे, ती बिननावाची पुडीसुद्धा, पिशवीत भरून डॉक्टरांपुढे ठेवावीत.