थॅलेसेमिया असलेल्या मुलाची रक्तातील साखर आणि खनिजे कशी सांभाळावीत

थॅलेसेमिया मेजर म्हणजे शरीरात पुरेसे हिमोग्लोबिन न बनण्याचा जन्मजात आजार. तो असलेल्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावे लागते, आणि रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह त्याच्या शरीरात येते. शरीर दिवसाकाठी जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह बाहेर टाकू शकते. उरलेले यकृत, हृदय आणि स्वादुपिंडात साचत जाते. स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींना या लोहामुळे इजा होते. म्हणूनच घरात कोणाला मधुमेह नसताना आणि मूल फारसे गोड खात नसतानाही त्याची साखर वाढू शकते. यात जस्ताच्या (झिंकच्या) कमतरतेची भर पडते. पेशीत इन्सुलिन साठवले जाते तेव्हा त्याचे सहा-सहा रेणू जस्ताच्या आधाराने एकत्र बांधलेले असतात, आणि लोह काढणारी काही औषधे लोहाबरोबर थोडे जस्तही लघवीवाटे बाहेर नेतात.

पहिली पायरी : लोहाचा हिशेब

एक वही करावी. तिच्यात रक्त चढवल्याची तारीख, त्याआधीचे हिमोग्लोबिन, मुलाचे वजन-उंची आणि दर तीन महिन्यांनी केलेल्या फेरिटिनचा (शरीरातील लोहाचा साठा दाखवणाऱ्या रक्ततपासणीचा) आकडा लिहावा. फेरिटिन दर मिलिलिटरला १००० नॅनोग्रॅमच्या खाली राखण्याचा प्रयत्न असतो. लोह काढणाऱ्या औषधाचा जो डोस चुकला, तोही प्रामाणिकपणे नोंदवावा. रात्रभर पंपाची सुई टोचून घ्यायला कंटाळलेले मूल किंवा गोळीने मळमळणारे मूल डोस टाळते, यात नवल नाही. ते डॉक्टरांना कळले तर औषध बदलता येते; लपवले तर डोस विनाकारण वाढवला जातो.

शाळेत आणि अंगणवाडीत रक्तक्षय रोखण्यासाठी लोहाच्या गुलाबी-निळ्या गोळ्या दिल्या जातात. त्या आपल्या मुलाला देऊ नयेत, असे शिक्षकांना लेखी कळवावे. ‘रक्त वाढतं’ म्हणून नातेवाईक आणून देतात ती लोहयुक्त टॉनिकेही नकोत. पालेभाजी मात्र ताटातून काढू नये, कारण रक्ताच्या पिशवीतून येणाऱ्या लोहापुढे भाजीतले लोह अगदी किरकोळ असते.

दुसरी पायरी : साखरेची योग्य तपासणी

इथे सर्वांत जास्त चुका होतात. मधुमेहासाठी सर्रास केली जाणारी तीन महिन्यांच्या सरासरीची तपासणी, म्हणजे एचबीएवनसी, या मुलांमध्ये भरवशाची नसते. हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते ही तपासणी पाहते. पण आपल्या मुलाच्या अंगातले बरेचसे रक्त काही आठवड्यांपूर्वी दात्याच्या शरीरातून आलेले असते. त्यामुळे अहवाल ‘नॉर्मल’ आला तरी निर्धास्त होऊ नये.

वयाच्या दहाव्या वर्षापासून दरवर्षी ग्लुकोज टॉलरन्स टेस्ट करावी, आणि लक्षणे दिसल्यास त्याआधीच. रात्रीच्या जेवणानंतर किमान आठ तास फक्त पाणी द्यावे. सकाळी उपाशीपोटी शिरेतून रक्त घेतात. मग वजनाच्या दर किलोमागे १.७५ ग्रॅम, पण जास्तीत जास्त ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यात विरघळवून प्यायला देतात. २४ किलोच्या मुलाला ४२ ग्रॅम लागते. ते पाणी इतके गोडमिट्ट असते की दोन घोटांनंतर मूल तोंड फिरवते; तरी पाच मिनिटांत ते संपवायचे असते. उलटी झाली तर तपासणी दुसऱ्या दिवशी करावी लागते. पुढचे दोन तास मुलाने खेळू-धावू नये, म्हणून गोष्टीचे पुस्तक बरोबर न्यावे. दोन तासांनी पुन्हा रक्त घेतात.

उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा दोन तासांनी १४० ते १९९ मिलिग्रॅम हा धोक्याचा पट्टा आहे; उपाशीपोटी १२६ किंवा दोन तासांनी २०० आणि त्याहून अधिक आकडा मधुमेह सुचवतो. धोक्याच्या पट्ट्यात असतानाच लोह नेटाने कमी केले तर काही मुलांची साखर सुधारते, म्हणून हा टप्पा हातचा जाऊ देऊ नये. ताप असताना ही तपासणी करू नये. रक्त चढवण्याआधी काही ठिकाणी स्टेरॉइडचे इंजेक्शन देतात, त्यानेही साखर वाढते. तो दिवसही टाळावा. हिमोग्लोबिन कमी असताना घरचे ग्लुकोमीटर साखर खरीपेक्षा जास्त दाखवू शकते, म्हणून निदान प्रयोगशाळेतल्या तपासणीवरच व्हावे.

सतत तहान, वारंवार लघवी, बंद झालेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होणे, वजन उतरणे ही लक्षणे दिसली तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे. थकव्याचा अर्थ लावणे अवघड असते. रक्त चढवायची वेळ जवळ आली की मूल तसेही मलूल होते. रक्त चढवल्यावरही तरतरी आली नाही, तर साखर तपासून घ्यावी.

तिसरी पायरी : जस्त आणि इतर खनिजे

उंची खुंटणे, जेवणाला चव न लागणे, वयात येण्यास उशीर होणे यांमागे जस्ताची कमतरता असू शकते, तशीच इतर कारणेही असू शकतात. रक्तातील जस्त सकाळी, उपाशीपोटी आणि रक्त चढवण्यापूर्वी तपासावे. त्याच वेळी कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वही पाहून घ्यावे. आहारात दूध, दही, अंडी, शेंगदाणे, तीळ, भोपळ्याच्या बिया असाव्यात. मटकी-मूग भिजवून, मोड आणून द्यावेत, कारण मोड आल्यावर जस्त अडवून धरणारे घटक कमी होतात. काळीज मात्र टाळावे. त्यातले लोह शरीर सहज शोषून घेते.

जुलाबात मिळालेल्या झिंकच्या उरलेल्या गोळ्या मनाने सुरू करू नयेत. जस्त गरजेपेक्षा जास्त काळ दिले तर शरीरातले तांबे घटते. क जीवनसत्त्वाच्या गोळ्याही स्वतःहून देऊ नयेत, कारण लोहाचा भार मोठा असताना त्यांचा जास्त डोस हृदयाला घातक ठरू शकतो. डॉक्टरांनी झिंक लिहून दिले आणि मूल डेफेरिप्रोन हे लोह काढणारे औषध घेत असेल, तर दोन्हींमध्ये किमान चार तासांचे अंतर ठेवावे, आणि झिंक सुरू केल्याची तारीख त्याच वहीत लिहून ते किती महिने चालवायचे व पुन्हा कधी तपासायचे हे तेव्हाच विचारून घ्यावे.