इंटरनेटवर माहिती शोधताना या चुका टाळा

काही दिवसांपूर्वी सोलापुरातील एका वाचनालयाच्या संगणकावर एक विद्यार्थिनी प्रकल्पासाठी माहिती शोधत बसली होती. ‘सोलापूरच्या जुन्या मिलबद्दल मला संपूर्ण माहिती पाहिजे’ असे वाक्य तिने टाइप केले होते आणि समोर चादरी-टॉवेलांच्या दुकानांची यादी व भाड्याच्या गाळ्यांच्या जाहिराती आल्या होत्या. ‘नेटवर काहीच नाही’ असे म्हणून ती उठायच्या बेतात होती. माहिती होती, मात्र तिने वापरलेले शब्द त्या माहितीत कुठेच नव्हते.

सर्वांत जास्त वेळ वाया घालवणारी चूक हीच. आजची शोधयंत्रे वाक्याचा अर्थ बऱ्यापैकी ओळखतात, तरी अखेर ती कोणीतरी आधी लिहून ठेवलेल्या पानांतूनच निवड करतात. म्हणून ते पान लिहिणाऱ्याने कोणते शब्द वापरले असतील, याचा अंदाज आधी बांधावा लागतो. आपण गावात ‘जुनी मिल’ म्हणतो, पण कागदोपत्री ती शोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी आहे, आणि इंग्रजी अंमलातील पुष्कळ कागदपत्रांत शहराचे नाव ‘एस’नंतर ‘एच’ घालून लिहिलेले असते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८४ सालचा सोलापूर खंडही त्याच स्पेलिंगने छापलेला आहे. कंपनीचे पूर्ण नाव त्या स्पेलिंगने अवतरणचिन्हांत टाकल्यावर, मिलचा कारभार ताब्यात घेण्यासाठी १९५० मध्ये झालेला केंद्राचा कायदा आणि त्याला आव्हान देणारा सर्वोच्च न्यायालयातील खटला, दोन्ही हाती लागले. मुलीने मग वही उघडली.

अवतरणचिन्हांमुळे नेमका तोच शब्दसमूह शोधला जातो, हे बहुतेकांना ठाऊक असते. मराठीत मात्र ती जपून वापरावीत. आपले शब्द प्रत्यय लागताच रूप बदलतात. ‘सोलापूर’मधला दीर्घ पू ‘सोलापुरात’ आणि ‘सोलापुरी’मध्ये ऱ्हस्व होतो. ‘सिद्धेश्वर यात्रा’ असे अवतरणात लिहिले, तर ‘सिद्धेश्वरांच्या यात्रेत’ असे लिहिणारा उत्तम लेख निसटू शकतो. त्यापेक्षा अवतरणे काढून ‘गड्डा’, ‘नंदीध्वज’, ‘अक्षता सोहळा’ असे त्या यात्रेच्या वर्णनात हमखास येणारे शब्द सुटे लिहावेत. दुकानांचीच गर्दी होत असेल, तर नको असलेल्या शब्दाआधी वजाचे चिन्ह लावावे, जसे ‘सोलापुरी चादर इतिहास -किंमत’. चिन्ह आणि शब्द यांच्यामध्ये जागा सोडू नये. ती सोडली की चिन्हाचा उपयोग राहत नाही.

सरकारी माहिती शोधताना खासगी पानांच्या गर्दीत अडकणे ही पुढची चूक. ‘साइट’ हा शब्द इंग्रजी अक्षरांत लिहून त्याला जोडून अपूर्णविराम आणि लगेच ‘जीओव्ही डॉट इन’ असे इंग्रजीत दिले, की शोध सरकारी संकेतस्थळांपुरता राहतो. एवढे करूनही जुने मराठी परिपत्रक सापडले नाही, तर दोष नेहमीच आपला नसतो. युनिकोड, म्हणजे सगळ्या संगणकांना सारखीच कळणारी अक्षरांची पद्धत, रुळण्यापूर्वी अनेक कार्यालयांत श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टांत टंकलेखन होत असे. अशी फाइल डोळ्यांना मराठी दिसते, पण यंत्राला तिच्यात निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. कित्येक कागद तर नुसते स्कॅन केलेले असतात. अशा वेळी शब्द बदलत बसण्यापेक्षा संबंधित विभागाच्या संकेतस्थळावर जाऊन तारखेनुसार यादी चाळावी. हे काम कंटाळवाणे आहे, पण खात्रीचे आहे.

तारीख न पाहणे ही चूक लहान वाटते. ‘उजनी पाणीसाठा’ शोधल्यावर मागच्या एखाद्या पावसाळ्यातील टक्केवारी समोर येते आणि तीच आजची म्हणून पुढे पाठवली जाते. गूगलवर निकालांच्या वरच्या ‘साधने’मधून कालावधी निवडता येतो.

बँकेचा किंवा गॅस वितरकाचा मदत क्रमांक शोधून पहिला दिसेल तो फिरवणे मात्र महागात पडू शकते. ‘प्रायोजित’ असे लिहिलेले निकाल पैसे भरून दाखवलेले असतात, आणि भामटे नकाशावरील नोंदींतही आपले क्रमांक घुसवतात. बँकेचा क्रमांक पासबुकावरून किंवा कार्डाच्या मागून घ्यावा, गॅसचा जुन्या पावतीवरून. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय सायबर मदतवाहिनीचा १९३० हा क्रमांक तत्काळ लावावा. तो मात्र आताच पाठ करून ठेवावा, कारण ऐन घाईत ‘१९३० सोलापूर’ असे शोधलेत, तर समोर १९३० साली इंग्रजांनी शहरात पुकारलेला मार्शल लॉ येण्याचीच शक्यता अधिक आहे.