सातबाऱ्यावरून शेतकरी घराण्याची वंशावळ कशी काढावी

वंशावळ काढायला बसलेले बहुतेक जण आडनावापासून सुरुवात करतात आणि तिथंच अडकतात. जुन्या दप्तरात आडनाव असेलच याची खात्री नसते. ‘रामा बिन गणू’ एवढंच लिहिलेलं असतं, आणि नातवाला आजोबाचं नाव ठेवायच्या रीतीमुळे एकाच गावात असे दोन-तीन रामा निघतात. म्हणून माणसाच्या मागे न लागता जमिनीचा नंबर धरायचा.

आधी घरातल्या सर्वांत थोरल्या माणसाला विचारून घ्या: मूळ गाव, शेताचं स्थानिक नाव, दत्तक कोण गेलं, मुली कुठल्या गावांना दिल्या. शेताच्या नावाला सातबाऱ्यावर वेगळी जागा असते आणि नंबर बदलला तरी ते नाव बऱ्याचदा टिकतं.

मग आजचा सातबारा आणि आठ-अ, म्हणजे खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनीचा उतारा, काढा. सातबाऱ्यावर कंसात टाकलेली नावं म्हणजे कमी झालेले खातेदार. नावाशेजारी वर्तुळात दिसतो तो फेरफाराचा, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीचा, नंबर. त्या नंबराचा फेरफार, म्हणजे गाव नमुना ६, मागवा. त्यात ‘अमुक मयत, वारस पुढीलप्रमाणे’ असा मजकूर मिळाला की एक पिढी हाती लागली. त्या मयताच्या नावावर जमीन कशी आली याचा आधीचा फेरफार शोधा, आणि असंच मागे सरका. जुन्या फेरफारांच्या नकला तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात अर्ज करून मिळतात. अर्जात गाव, तालुका, नंबर आणि अंदाजे सालं लिहा. नुसतं ‘आमच्या पणजोबांची कागदपत्रं द्या’ म्हटलं तर अर्ज पडून राहतो. आपले अभिलेख या संकेतस्थळावर बरंच स्कॅन झालंय. तिथं आधी पाहिलं तर एखादी चक्कर वाचते.

वाचताना काही खुणा लक्षात ठेवा. ‘बिन’ आणि ‘वलद’ म्हणजे मुलगा. ‘कोम’, ‘मर्द’ किंवा ‘भ्रतार’ म्हणजे अमक्याची बायको. ‘ए.कु.मॅ.’ म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. इथं फसगत फार होते: नाव एकट्या थोरल्या भावाचं दिसतं आणि धाकटे भाऊ नव्हतेच असं आपण समजून बसतो. ‘अ.पा.क.’ (अज्ञान पालनकर्ता) दिसलं तर वारस तेव्हा अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, होता, त्यावरून त्याच्या जन्माचा अंदाजही बांधता येतो. मुली आणि विधवा मुख्य रकान्यात नसल्या तर ‘इतर हक्क’ हा रकाना बघा. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या आधीच्या नोंदींत बायकांची नावं गाळली गेलेली असतात, ती निदान तिथं सापडू शकतात.

साखळी तुटते ती बहुधा गट नंबरापाशी. १९४७ च्या कायद्याखाली जमिनीच्या तुकड्यांचं एकत्रीकरण झालं आणि गावोगाव सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. गट ४१२ चा जुना सर्व्हे नंबर ४१२ नसतो! तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा घ्या. जुना नंबर त्यात मिळतो. कूळकायद्यात गेलेली किंवा मिळालेली जमीन असेल तर १९५७ च्या पुढचे फेरफार नीट चाळा, १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन, म्हणजे कुळं जमिनीची मालक मानली गेली तो दिवस, म्हणून तिथं वारंवार येतो.

१९०३ च्या हक्कनोंदणी कायद्याच्या मागे फेरफार चालत नाहीत. तिथून मागे भूमी अभिलेखातलं पक्काबुक, प्रतिबुक, शेतवार पत्रक हे जुन्या मोजणीचे कागद पाहायचे. इंग्रज अधिकारी गोल्डस्मिड आणि विंगेट यांची जमीनपाहणी १८३५ च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यातून सुरू झाली. सोबत तहसिलातला गाव नमुना १४, म्हणजे जन्म-मृत्यूची नोंद, आणि शाळेची प्रवेश-निर्गम नोंदवही पाहा. नमुना १४ मध्ये जातही लिहिलेली असते. २०२३ पासून कुणबी नोंदींसाठी हीच रजिस्टरं पिंजून काढली गेली.

त्याही मागं जायचं तर मोडी वाचता आली पाहिजे, नाहीतर जाणकाराला सोबत घ्या. पुण्यात कौन्सिल हॉलजवळ पेशवे दफ्तर आहे, पण साध्या शेतकऱ्याचं नाव तिथं सहजी मिळेल अशी आशा धरू नका. पाटीलकी, इनाम किंवा वतनाचा तंटा असेल तरच शोधाला अर्थ. तिथं सालं शुहूर सनात, म्हणजे मराठेशाहीतल्या कालगणनेत, तीही अरबी शब्दांत: ‘सबा सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७७. शुहूरमध्ये ५९९ मिळवा, १७७६ आलं. वर्ष मृगाला, जूनच्या सुरुवातीला, बदलतं, म्हणून जानेवारी ते मेमधल्या कागदाला ६०० मिळवायचे. फसली या महसुली सालाला याच हिशेबानं ५९० किंवा ५९१. शकाचं वर्ष मात्र चैत्रात बदलतं, त्याला ७८, आणि जानेवारीपासून चैत्रापर्यंतच्या कागदाला ७९.

गाव मुळशी किंवा उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं असेल तर सातबारा भूसंपादनापाशी थांबतो. मग संपादनाच्या निवाड्यातली खातेदारांची यादी मागवा आणि पुनर्वसन झालं असेल तर पुढची पिढी त्या गावात शोधा.