फेकताना दोरी तुटू नये म्हणून

‘चट्’ असा आवाज होतो, हातातला रॉड एकदम हलका पडतो आणि साडेपाचशे रुपयांचा ल्युअर, म्हणजे गळ लावलेलं खोटं आमिष, दोरीची शेपटी घेऊन एकटाच अरबी समुद्राकडे निघतो. मासा लागलेला नसतो, खडपात काही अडकलेलं नसतं. नुसतं फेकलं आणि तुटलं. गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला लागलो त्या पहिल्या वर्षी माझे असे चार ल्युअर गेले. मग शहाणपणा करून जाड दोरी आणली. ल्युअर पंधरा-वीस पावलं अलीकडे पडायला लागला. दोरी तुटायची ती तुटतच राहिली. शेवटी रत्नागिरीत मिऱ्याच्या बाजूला नेहमी दिसणाऱ्या एका काकांनी माझं तुटलेलं टोक हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि विचारलं, “कड्या कधी बघितल्यास?” दोरी रॉडवरच्या कड्यांतून ओवलेली असते. शेंड्याच्या कडीत जी सिरॅमिकची रिंग असते, तिचा टवका उडालेला होता. तांदळाच्या कणीएवढा.

तेव्हापासून दोरी तुटली की आधी टोक बघतो, दुकानाचा विचार मागाहून.

टोक काय सांगतं

टोक डुकराच्या शेपटीसारखं गुंडाळलेलं असेल तर गाठ सुटली आहे. दोरीचा दोष नाही. धागे पिंजारून कापसासारखे झाले असतील तर ती घासून झिजली आहे: खडपावर, कालवांच्या शिंपांवर किंवा खराब कडीत. सुरीने कापल्यासारखं साफ टोक म्हणजे कालवाची धार, नाहीतर सुरमईचे दात. आणि फेकतानाच, दोरीच्या मधूनच, आवाज करून तुटली असेल तर ती उडता उडता कुठेतरी अडकली होती.

या शेवटच्या प्रकाराचं थोडं गणित करू. समजा, 40 ग्रॅमचा ल्युअर ताशी 100 किमी वेगाने सुटला आणि दोरीने त्याला 10 सेंटिमीटरच्या आत रोखलं. दोरीवर सरासरी पावणेसोळा किलोचा झटका बसतो. 30 पौंडाची दोरी पेलते साडेतेरा किलो, तीही नवी आणि बिनगाठीची असेल तर. पूर्वीचा तंगूस, म्हणजे नायलॉनची एकेरी दोरी, असा झटका ताणून थोडा पचवायचा. आता आपण वापरतो ती ब्रेडेड, म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी (ब्रेड) जवळजवळ ताणतच नाही. तिची जाडी कमी, ताकद जास्त. पीई हा तिच्या जाडीचा नंबर; पीई 2 नंबरची दोरी जेमतेम 0.235 मिलिमीटर असते. पण झटका आणि घासणं या दोन्हींपुढे ती नाजूक आहे. म्हणून नुसती जाडी वाढवून भागत नाही, अडकण्याची कारणं काढावी लागतात.

घरून निघण्यापूर्वी

कापसाचा बोळा घ्या आणि प्रत्येक कडीच्या आतून गोल फिरवा. जिथे तंतू अडकेल तिथे चीर आहे. नखाने कळत नाही, कापसाने कळतं. चीर सापडली तर ती कडी बदलून घ्या. पॉलिश पेपर मारून भागवण्याच्या फंदात पडू नका. त्या नादात मी एक चांगला रॉड वाया घालवला आहे.

मग स्पूल, म्हणजे रीलवरची दोरी गुंडाळायची फिरकी. दोरी काठोकाठ भरायची नाही, कडेपासून दीड-दोन मिलिमीटर खाली थांबायचं. काठोकाठ भरली की फेकताना एकाच वेळी चार वेटोळी सुटतात आणि पहिल्याच कडीत त्यांचा गुंता होतो. भरताना दोरी ओल्या फडक्यात घट्ट धरून ताणातच गुंडाळा. सैल गुंडाळलेल्या दोरीत वरचे वेढे खाली रुततात आणि पुढच्या फेकीत नेमके तिथेच थांबतात.

लीडर आणि गाठ

ब्रेडच्या पुढे, ल्युअरच्या आधी, फ्लोरोकार्बनचा (झीज सोसणाऱ्या प्लॅस्टिकचा) किंवा जाड तंगुसाचा एक तुकडा जोडतात, तो लीडर. तो हवाच. जिताड्याचे ओठ कानशीसारखे खरखरीत असतात आणि कल्ल्याच्या झाकणाला धार असते. जिताडा आणि तांबोशीसाठी मी 40 पौंडाचा लावतो. सुरमईची शक्यता असेल तर वीतभर स्टीलची तार. किनाऱ्यावरून जड शिसं फेकणाऱ्यांचा जुना हिशेब असा: प्रत्येक औंसाला, म्हणजे सुमारे 28 ग्रॅमला, 10 पौंडाचा लीडर. 150 ग्रॅमचं शिसं फेकायचं तर पन्नासच्या पुढेच जायला हवं, आणि तो लीडर इतका लांब की फेकताना त्याचे काही वेढे स्पूलवर राहतील. वीस-चाळीस ग्रॅमच्या ल्युअरला एवढं लागत नाही. दोन-सव्वादोन फूट पुरे, म्हणजे जोडगाठ शेंड्याच्या कडीबाहेरच लोंबते. बाहेर असलेली गाठ कडीत आपटत नाही. साधी गोष्ट, पण माझा अर्धा त्रास हिनेच गेला.

ब्रेड आणि लीडर जोडायला एफजी नॉट नावाची गाठ शिका. त्यात लीडरला गाठ पडतच नाही. ताणून धरलेल्या लीडरवर ब्रेड आलटून पालटून अठरा-वीस वेढे घेते आणि ताण पडला की रुतून बसते. वेढे झाले की थुंकी लावा, दोन्ही बाजूंनी जीव खाऊन ओढा. ब्रेडचा रंग गडद होऊन ती लीडरमध्ये बसलेली दिसली पाहिजे. रंग बदलला नाही तर गाठ निसटणार, हे धरूनच चाला. थुंकी किंवा पाणी कुठल्याच गाठीला चुकवू नका. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि तिथेच कमजोर होते. शिकायला आठवडा लागतो. पंख्याखाली बसून शिका, वारा सुटल्यावर खडपावर नाही.

फेकताना

मागे कोण आहे ते बघा. तुटलेला ल्युअर तीन-तीन गळांसकट कुठेही जाऊ शकतो.

मग शेंड्याकडे नजर टाका, दोरीने तिथे वेढा घेतलेला नाही ना? संध्याकाळी अंधुक उजेडात हा वेढा दिसत नाही, म्हणून दोरी दोन बोटांत धरून एकदा ओढून बघतो. मोकळी सरकली की फेकतो. रीलवरची तारेची कमान पूर्ण उघडून ‘टक्’ झाली का तेही बघा. अर्धवट उघडलेली कमान झटक्याने मिटते आणि पुढचं तुम्हाला माहीत आहे.

रॉड हिसडू नका. सुरुवात सावकाश, वेग शेवटी. ल्युअर पाण्याला टेकायच्या जरा आधी स्पूलच्या कडेला बोट लावून दोरी हलकेच रोखा. त्यानंतर कमान रीलच्या दांड्याने नाही, हातानेच मिटवा आणि गुंडाळायच्या आधी ढील ओढून घ्या. ज्याला विंड नॉट म्हणतात तो गुंता वाऱ्यापेक्षा या ढिलानेच जास्त होतो. स्पूलवर सैल राहिलेला एक फास पुढच्या फेकीत दहा वेढे ओढून नेतो. तरी वारा आहेच. पहाटे मतलई वारा पाठीमागून असतो तेव्हा काम सोपं. दुपारनंतर समुद्रावरून आडवा सुटला की कमी उंचीवरून फेका आणि ल्युअर पडताच शेंडा खाली घ्या.

अडकल्यावर

खडपात ल्युअर रुतला तर रॉड वाकवून ओढू नका आणि दोरी हाताला गुंडाळू नका, ब्रेड बोट कापते. जाडसर काठीला चार वेढे द्या, सरळ मागे चला. सुटला तरी शेवटची दोन-तीन मीटर दोरी बोटांतून फिरवून बघा. खरखरीत लागली तर तेवढी कापून टाका आणि लीडर नव्याने बांधा. कंटाळा येतो, भरती चढत असते, शेजारच्याला मासा लागलेला असतो. माझ्या चारपैकी दोन ल्युअर याच कंटाळ्याने गेले. कापलेली दोरी खिशात घाला. खडपावर टाकली तर ती समुद्रपक्ष्यांच्या पायात अडकते.