चावी फिरवली तरी गाडी गप्प? क्लच सेफ्टी स्विच तपासताना या चुका टाळा

चावी फिरवली, डॅशचे दिवे लागले, हेडलाईट पण झकास, पण स्टार्टर एकदम गप्प, साधं टिक पण नाही. फोर्डची फॉक्स बॉडी मस्टँग (१९७९ ते १९९३) मॅन्युअल गिअरवाली असेल तर अशा वेळी आधी पायाखाली, क्लच पेडलवरच्या सेफ्टी स्विचकडे बघा. मी इथे न्यू जर्सीत माझी १९८९ ची ५.० लिटर इंजिनवाली मस्टँग सांभाळतो, आणि एका गॅरेजवाल्याच्या सांगण्यावरून चांगला चालणारा स्टार्टर बदलून बसलो, म्हणून हे कळकळीने लिहितोय.

आपल्या पद्मिनी-अँबेसेडरला हा स्विच नव्हताच, न्यूट्रल केलं की चावी मारायची, नाहीतर धक्का. त्यामुळे आपल्या लोकांना तो चटकन सुचत नाही. काम साधं आहे, क्लच पूर्ण दाबला तरच इग्निशन स्विचकडून आलेला करंट पुढे सोडायचा, मग तो लाल-फिकट निळ्या वायरने बॅटरीजवळच्या फेंडरवरच्या रिलेला (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच) जातो आणि रिले स्टार्टरला चालू करतो.

म्हणजे तपासायची सुरुवात रिलेपासून करा, ते सोपं पडतं, डॅशखाली डोकं घालावं लागत नाही. गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन सुरू होऊ नये म्हणून इग्निशन कॉईलचा कनेक्टर काढलेला, कोणालातरी क्लच दाबून चावी स्टार्टला धरायला सांगा आणि रिलेवरच्या त्या लाल-फिकट निळ्या छोट्या वायरवर व्होल्ट बघा. तिथे बॅटरीच्या जवळपास व्होल्टेज येतंय तर स्विचला दोष देऊ नका, गडबड पुढे आहे; येत नसेल तर मग स्विच तपासा. हेडलाईट मंद होत असतील किंवा टक-टक-टक असा आवाज येत असेल तर बॅटरी नाहीतर टर्मिनल.

आता सगळ्यात मोठी चूक. स्विच काढून मल्टिमीटर बीपवर (जोडणी सलग आहे का बघायच्या सेटिंगवर) लावायचा, बीप वाजला की स्विच चांगला म्हणून सोडून द्यायचं. माझा स्विच पण मस्त बीप देत होता हो! पण गाडीत लावून चावी फिरवली की एका वायरवर ११.८ व्होल्ट आणि दुसरीवर जेमतेम ७, कारण आतले कॉन्टॅक्ट काळे पडलेले, मीटरच्या नगण्य करंटला ते चालतात पण रिलेच्या कॉईलला काही अँपिअर लागतात तिथे हात टेकतात. म्हणून मोजायचं ते लोडवर, मीटरच्या दोन्ही पिना स्विचच्या दोन वायरींवर ठेवून, क्लच दाबून, चावी स्टार्टला असताना. ०.२-०.३ व्होल्ट दिसले तर ठीक, त्याहून बरेच जास्त दिसले तर स्विच गेला, किंवा कनेक्टरच्या पिना हिरव्या पडल्यात, त्या आधी घासून बघा.

स्विच विकत घ्यायच्या आधी मॅट पण काढून बघा. जाड रबरी मॅटने पेडल शेवटपर्यंत जातच नाही, स्विच बिचारा चांगला असतो. पेडलची बुशिंग झिजलेली असली तरी हेच होतं, पेडल डावी-उजवीकडे हलवलं की कळतं.

स्प्रे मारून काम झालं असं समजू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने फार तर महिनाभर निघतो.

आणि जंपर! टेस्टपुरता दोन वायर जोडणं ठीक आहे, पण बरेच जण तो तसाच टेप गुंडाळून ठेवतात. मग गाडी गिअरमध्ये उभी असताना कोणी क्लच न दाबता चावी फिरवली की ती पुढे झेप घेते, समोर गॅरेजची भिंत असो की पोरगं. प्लीज असं करू नका, गाडी विकताना तर नाहीच, नवीन मालकाला काय माहीत.

नवा स्विच बसवल्यावर उलटी टेस्ट पण करायची, न्यूट्रल आणि हँडब्रेक ठेवून क्लच न दाबता चावी फिरवायची, स्टार्टर गप्पच राहायला पाहिजे.