सरकारी कार्यालयांतील दुबार संगणक प्रणाली कमी करताना

दुबार संगणक प्रणाली शोधायच्या असतील, तर सुरुवात सर्व्हरच्या खोलीतून न करता अर्ज स्वीकारणाऱ्या लिपिकाच्या टेबलापासून करावी. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून एक पूर्ण दिवस बसावे आणि मध्ये न बोलता पाहावे. तो अर्जदाराचे नाव एका प्रणालीत टाइप करतो, पोच छापतो, तोच पोचक्रमांक आवक नोंदवहीत हाताने लिहितो, दुपारी तीच माहिती वरिष्ठ कार्यालयाच्या पोर्टलवर पुन्हा भरतो आणि संध्याकाळी दिवसभराचा गोषवारा एक्सेलमध्ये तयार करून ईमेलने पाठवतो. मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर चार-पाच लॉगिन लिहिलेले असतात. सुरक्षेच्या दृष्टीने ती चिठ्ठी तिथे असू नये, हे खरेच. पण त्या टेबलावर प्रत्यक्षात किती प्रणाली चालतात, हे कोणत्याही अधिकृत यादीपेक्षा तीच अधिक अचूक सांगते.

या प्रणाली कुणाच्या चुकीमुळे साठलेल्या नसतात. प्रत्येक नवी योजना स्वतःचा निधी, स्वतःची मुदत आणि स्वतःचा अहवाल घेऊन येते. त्या मुदतीत काम पुरे करण्याचा सर्वांत जवळचा मार्ग म्हणजे स्वतंत्र प्रणाली उभारणे, आणि तो निर्णय त्या दिवसापुरता बहुधा योग्यच असतो. पुढे योजना बदलते, अधिकारी बदलतात, प्रणाली मात्र देखभाल करारासह तशीच राहते. अमेरिकेचे संघीय सरकार माहिती तंत्रज्ञानावर दरवर्षी १०० अब्ज डॉलरहून अधिक खर्च करते आणि त्यातला सुमारे ८० टक्के भाग आधीपासून असलेल्या प्रणाली चालू ठेवण्यातच जातो, असे तेथील लेखापरीक्षण यंत्रणा सातत्याने नोंदवत आली आहे.

आधी कामाचा मार्ग सरळ करावा

दोन प्रणालींची तुलना करण्याची घाई करू नये, कारण बहुतेक वेळा त्या दोन असण्याचे मूळ कामाच्या पद्धतीत असते. याचे एक उत्तम उदाहरण खासगी क्षेत्रातले आहे. १९८० च्या दशकात फोर्ड कंपनीच्या उत्तर अमेरिकेतील देयक विभागात ५०० हून अधिक माणसे होती आणि संगणकीकरणाने त्यांत २० टक्के कपात करण्याचा विचार होता. त्याच वेळी माझदा कंपनीत हे काम पाच माणसे करत असल्याचे त्यांच्या लक्षात आले. फोर्डमध्ये खरेदी आदेश, माल मिळाल्याची नोंद आणि पुरवठादाराचे बिल या तीन कागदांवरील १४ बाबी जुळवल्या जात आणि कर्मचाऱ्यांचा वेळ न जुळणाऱ्या प्रकरणांतच जाई. त्यांनी बिल ही पायरीच काढून टाकली. माल आदेशाप्रमाणे मिळाला की पैसे द्यायचे, एवढेच ठेवले. जुळवण्याच्या बाबी तीनवर आल्या आणि जिथे ही पद्धत लागू झाली तिथे मनुष्यबळ ७५ टक्क्यांनी घटले. जुन्याच पद्धतीवर संगणक चढवला असता, तर तीन कागद जुळवणारी एक वेगवान प्रणाली तेवढी मिळाली असती.

सरकारी कामात हा विचार अमेरिकेने १९९६ साली कायद्यातच घातला. त्याच वर्षी तेथील अर्थसंकल्प कार्यालयाचे प्रमुख फ्रँकलिन रेन्स यांनी मोठ्या गुंतवणुकीपूर्वी तपासायच्या ज्या कसोट्या घालून दिल्या, त्यांतल्या पहिल्या तीन कोणत्याही देशातील कार्यालयाला जशाच्या तशा वापरता येतील. हे काम सरकारनेच करणे आवश्यक आहे का? दुसरे सरकारी कार्यालय किंवा खासगी संस्था ते अधिक चांगले करू शकणार नाही ना? आणि ज्या कामासाठी प्रणाली हवी आहे, ते काम आधी सोपे करून घेतले आहे का? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर निविदा काढण्याची वेळ अजून आलेली नाही.

काम सोपे करण्यासाठी निकाली निघालेल्या वीस नस्त्या (फाइली) घ्याव्यात आणि प्रत्येक नस्ती कोणत्या टेबलावर कोणत्या तारखेला आली व कधी पुढे गेली, हे कागदावर मांडावे. प्रत्यक्ष कामाचा वेळ आणि नुसते पडून राहण्याचा वेळ वेगवेगळा लिहावा. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा कितीतरी मोठा निघतो आणि संगणकाचा त्याच्याशी काहीच संबंध नसतो. मग प्रत्येक पायरीवर त्या टेबलाच्या कर्मचाऱ्याला विचारावे, की इथे आलेली नस्ती आपण शेवटची कधी नाकारली, आणि कशासाठी. एकही उदाहरण आठवत नसेल, तर ती सही केवळ वाटेत उभी आहे.

अशा वेळी ‘नियमच तसा आहे’ हे उत्तर हमखास येते. तो नियम काढून दाखवायला नम्रपणे सांगावे. कायद्यातील तरतूद, कायद्याखालचा नियम, परिपत्रक आणि केवळ रूढी, असे चार रकाने करून प्रत्येक पायरी त्यांपैकी एकात टाकावी. माझ्या अनुभवात सर्वांत लांब रकाना रूढीचा होतो. परिपत्रकातील पायऱ्या कार्यालयप्रमुख किंवा त्यांचे वरिष्ठ बदलू शकतात. कायद्यातील पायऱ्यांसाठी प्रस्ताव वर पाठवावा लागतो आणि तोपर्यंत त्या पाळाव्याच लागतात. शंभरांतील दोन अर्जांसाठी लागणारी माहिती उरलेल्या अठ्ठ्याण्णव अर्जदारांकडूनही मागितली जात असेल, तर तो भाग मुख्य अर्जातून काढून त्या दोघांपुरता वेगळा ठेवावा.

प्रणालींची यादी करताना

‘प्रणाली’ कशाला म्हणायचे, हे आधी लिहून ठरवावे. अमेरिकेच्या संघीय सरकारची डेटा केंद्रे, म्हणजे सर्व्हर ठेवण्याच्या जागा, १९९८ साली ४३२ होती आणि २००९ पर्यंत ती १,१०० च्या पुढे गेली, असे सांगितले जाई. २०१० मध्ये ती कमी करण्यासाठी पुन्हा मोजणी झाली तेव्हा आकडा २,०९४ निघाला आणि पुढे लहान खोल्याही व्याख्येत आल्यावर तो आणखी कितीतरी वाढला. व्याख्या मधेच बदलली, की किती केंद्रे बंद झाली आणि किती केवळ नव्याने सापडली, हे सांगणे अवघड होते.

नुसते पत्र पाठवून शाखांकडून माहिती मागवली, तर अपुरी यादी येते. लेखा शाखेतील गेल्या दोन वर्षांच्या देयकांतून देखभाल करार, परवाने आणि सर्व्हरची भाडी शोधावीत. नेटवर्कवर नोंदलेली यंत्रे पाहावीत. आणि टेबलांवरच्या चिठ्ठ्या तर आहेतच. सामायिक फोल्डरमधील एक्सेल फाइल किंवा बदलून गेलेल्या एखाद्या कर्मचाऱ्याने स्वतःच्या हुशारीने बनवलेला छोटा डेटाबेस यांनाही यादीत स्थान द्यावे, कारण अनेकदा कार्यालयाचे खरे काम त्यांच्यावरच चाललेले असते. प्रत्येक प्रणालीपुढे ती कोणते काम करते, जबाबदार अधिकारी पदनामाने कोण, वर्षाचा खर्च किती, गेल्या नव्वद दिवसांत किती जणांनी लॉगिन केले, माहिती कुठून येते व कुठे जाते, आणि करार कोणत्या तारखेला संपतो, एवढे लिहावे. शेवटच्या रकान्याकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. करार संपण्याच्या सहा महिने आधी निर्णय झाला नाही, तर मुदतवाढ आपोआप होते आणि संधी एक वर्ष पुढे ढकलली जाते.

तुलना नावावरून करू नये. ‘तक्रार’ हा शब्द नावात असलेल्या दोन प्रणालींपैकी एक फक्त नोंद घेणारी आणि दुसरी सुनावणीच्या तारखा सांभाळणारी असू शकते. उलट ‘लाभार्थी’ आणि ‘सदस्य’ अशा वेगळ्या नावांच्या प्रणाली त्याच माणसांचे तेच पत्ते साठवत असतात.

एका माहितीचा एकच धनी

एखाद्या नागरिकाने पत्ता बदलल्याचे कळवले, की तो किती ठिकाणी बदलावा लागतो, हे मोजून पाहावे. एका प्रणालीत पत्ता तीन ओळींचा, दुसरीत एकाच रकान्यात, तिसरीत तीस अक्षरांनंतर तोडलेला. चौथीत तो बदलायला कुणी गेलेच नाही आणि महत्त्वाची नोटीस जुन्या घरी पोहोचली. यावर उपाय म्हणजे प्रत्येक माहितीचा एकच धनी ठरवणे: पत्ता अमुक कार्यालयाकडे बदलेल, बाकीचे तो तिथून वाचतील, स्वतःकडे लिहिणार नाहीत. एस्टोनियाने हीच दिशा धरली. तिथे २००१ पासून एक्स-रोड ही देवाणघेवाणीची व्यवस्था चालते आणि तीच माहिती गोळा करण्यासाठी स्वतंत्र डेटाबेस उभारण्यास कायद्यानेच मनाई आहे. सगळे एका अवाढव्य डेटाबेसमध्ये ओतण्याची गरज तिथे पडली नाही. डेटाबेस आपापल्या जागी राहिले आणि विचारणा त्यांच्यामधून फिरू लागल्या. मात्र अशी जोडणी करताना माहिती वाचण्याचा कायदेशीर अधिकार कुणाला आहे, हे लिहून ठेवावे आणि कुणी कधी काय पाहिले, याची नोंद राहील असे करावे. यात सवलत घेऊ नये.

एकत्रीकरणाची घाई किती महाग पडते, हे कॅनडात दिसले. संघीय कर्मचाऱ्यांच्या पगारासाठी २०१६ मध्ये फिनिक्स ही एकच प्रणाली शंभरावर विभागांसाठी सुरू झाली, पण पगाराचे ८०,००० हून अधिक नियम तसेच राहिले आणि ते जाणणारी विभागांतील अनुभवी माणसे आधीच कमी केली गेली होती. हजारो कर्मचाऱ्यांना कमी पगार मिळाला, जास्त मिळाला किंवा मिळालाच नाही. नियम कमी करणे, मग लहान गटावर चालवून पाहणे आणि जाणकार माणसांना शेवटपर्यंत सोबत ठेवणे, हा क्रम मोडू नये.

प्रणाली बंद करताना

नवी प्रणाली सुरू करण्याचे काम कुणाच्या तरी नावावर असते. जुनी बंद करण्याचे काम मात्र बहुधा कुणाच्याच नावावर नसते, म्हणून दोन्ही वर्षानुवर्षे चालू राहतात. प्रत्येक प्रणालीसाठी एक अधिकारी आणि एक तारीख लेखी ठरवावी. दोन्ही प्रणाली काही काळ सोबत चालवाव्याच लागतात, पण तो काळ कधी संपेल, हे सुरुवातीलाच जाहीर करावे.

माझ्यासमोर एकदा असे झाले, की सर्वांनी होकार दिल्यावर एक जुनी प्रणाली बंद केली आणि तिमाही अखेरीस लक्षात आले, की लेखापरीक्षणाला जाणारे एक विवरणपत्र त्याच प्रणालीतून निघत होते. ते तिमाहीतून एकदाच लागत असल्यामुळे रोज काम करणाऱ्या कुणालाही आठवले नव्हते. तेव्हापासून मी आधी लेखन बंद करून प्रणाली केवळ वाचनासाठी ठेवायला सांगतो आणि निदान एक तिमाही अखेर व एक वर्षअखेर त्या अवस्थेत जाऊ देतो. या काळात कोण काय उघडते, ते पाहावे; तीच खरी उरलेली गरज.

त्यानंतर जतन करण्याच्या मुदतीत असलेल्या नोंदी उघडता येतील अशा साध्या स्वरूपात काढून अभिलेखात ठेवाव्यात, त्यांतल्या काही यादृच्छिक निवडून मूळ नोंदींशी ताडून पाहाव्यात, वापरकर्त्यांची खाती बंद करावीत, यंत्रातील माहिती नियमाप्रमाणे पुसावी आणि देखभाल करार संपल्याचे विक्रेत्याला लेखी कळवावे. हे पत्र राहून गेले, तर बंद प्रणालीचे देयक पुढच्या वर्षीही येते. शेवटी, गोषवारा मागणाऱ्या वरिष्ठ कार्यालयाला तो आता थेट प्रणालीतून पाहता येईल, असे कळवून लिपिकाची संध्याकाळची एक्सेल फाइल त्याच तारखेपासून थांबवावी. तसा लेखी आदेश हातात नसेल, तर ती फाइल तो पाठवतच राहील.