पेटीत तेल ओतून माशा येत नसतात

"दादा, गवती चहाचं तेल लावलं, माशा कधी येणार?" रिकाम्या पेटीत मधमाश्यांचा थवा राहायला यावा म्हणून धडपडणाऱ्याचा असा फोन आला की मी आधी एवढंच विचारतो, किती लावलंस? उत्तर ऐकून डोक्याला हात लावायची वेळ येते.

आमच्या मावसभावाचंच घ्या. मी म्हटलं होतं 3-4 थेंब. गड्याने अर्धी बाटली फडक्यावर ओतून अख्खी पेटी आतून पुसून काढली, अंगणात पाय ठेवला की कुठेतरी चहा उकळतोय असं वाटायचं. नवं घर शोधणाऱ्या टेहळणीच्या माशा आल्या, दारापाशी घिरट्या घातल्या आणि गेल्या. पाचव्या दिवशी अकराच्या सुमारास थवा आला तो पेटीवरून सरळ पुढे जाऊन लाईटच्या मीटरच्या डब्यात घुसला. वर हा मलाच म्हणतो तेल डुप्लिकेट होतं!

अरे बाबा, कामकरी माशी पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीतून वास सोडून बाकीच्यांना 'इकडे या' म्हणते, त्या वासात सिट्रल नावाचं लिंबासारख्या वासाचं द्रव्य असतं आणि गवती चहाच्या तेलातही मुख्य तेच. म्हणजे ती हाक आहे, आणि हाक कानात ओरडून मारत नाहीत. मी कापसाच्या बोळ्यावर 3 थेंब टाकतो, बोळा छोट्या प्लास्टिक पिशवीत, पिशवीला टाचणीने दोन भोकं, आणि ती पेटीत मागच्या कोपऱ्यात. वास कमी झाला असं वाटलं तरच परत एक-दोन थेंब.

खरं सांगू का, तेलापेक्षा माझा भरवसा मेणावर. सातेरीच्या, म्हणजे पोकळीत घर करणाऱ्या आपल्या देशी मधमाशीच्या, पोळ्याचं मेण वितळवून आतल्या फळ्यांना आणि चौकटींच्या वरच्या पट्ट्यांना चोळायचं. वितळवायचा कंटाळा म्हणून लोक जुनं पोळंच तसंच आत ठेवतात, मग माशांच्या आधी मेणकिडा, म्हणजे पोळं खाणारी अळी, राहायला येतो आणि आत नुसती जाळी.

दुसरी डोकं फिरवणारी गोष्ट म्हणजे सिट्रोनेलाचं तेल. दुकानदार "एकच असतं हो" म्हणून हातात टेकवतो. एकच नसतं! ते डास पळवायला वापरतात, त्यात सिट्रल नावालाच. आणि लिंबाच्या वासाचं फरशी पुसायचं लिक्विड लावणारा भेटलाय मला, त्याच्याबद्दल काय बोलणार.

गूळ, साखरेचा पाक ठेवू नका, मुंगळ्यांची वरात येते. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा.

पिकलं केळं तर नकोच, माशी डंख मारते तेव्हा सुटणारा धोक्याचा वास साधारण तसाच असतो.

आतून रंग देऊ नका.

आग्या किंवा फुलोरी या दुसऱ्या जातीच्या मधमाश्या पेटीत येतील का हे विचारू नका, त्या उघड्यावर एकच पोळं बांधतात, त्यांना पोकळी नकोच असते.

आणि रोज झाकण उघडून बघणं बंद करा. दहा पावलांवरून दार बघायचं. पायांना पराग लावून माशा आत जायला लागल्या म्हणजे घर धरलं. त्यानंतर वास वाढवायच्या भानगडीत पडू नका, सातेरी जरा काही खटकलं की घर सोडते. पेटी हलवायची असेल तर काळोख पडल्यावर, सगळ्या आत आल्यावर.

मावसभावाची पेटी पुढे चार महिने झाकण काढून उन्हात पडली होती, तेव्हा कुठे वास गेला. यंदा मेण चोळून ठेवली आणि आली सातेरी. मीटरच्या डब्यातल्या अजून तिथेच आहेत, रीडिंगवाला लांबूनच मोबाईल झूम करून फोटो काढतो.